कात्री आधी खाली ठेवा: आजोबांच्या डब्यातली आगगाडीची टपाल तिकिटे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कणकवलीजवळच्या घरी मे महिन्यात शाकारणीसाठी माळा रिकामा करताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत साठेक पत्रे, बहुतेक थोरल्या आजोबांनी लालबागहून गावी धाडलेली. पुष्कळ पाकिटांवर आगगाडीची तिकिटे: काही दोन आण्यांची, एक राजाच्या चेहऱ्याचे तपकिरी चार आण्यांचे, काही निळी दहा पैशांची, आणि तळाशी पंचवीस पैशांच्या कोऱ्या तिकिटांचा एक चिकटलेला गठ्ठा. तिकिटे भिजवून काढू का, लॅमिनेशन करू का, किती पैसे येतील, आणि रेल्वेच्या तिकिटांचा संग्रह पुढे कसा वाढवू?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’. लॅमिनेशन तर मुळीच नाही. ते केले की तिकीट कायमचे गेले, परत सोडवता येत नाही.

मी टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत आरएमएसमध्ये, सॉर्टर होतो. मिरजेकडच्या सेक्शनवर रात्री मेल व्हॅनमध्ये उभे राहून पत्रे खणांत टाकायची, शिक्के मारायचे, पिशव्या बांधायच्या. निवृत्तीनंतर देवगड तालुक्यात घरी आलो. तिकिटे जमवण्याचा नाद त्याच्याही आधीपासूनचा. त्या नादाच्या पहिल्या उन्हाळ्यात मी केलेला मूर्खपणा सांगतो, म्हणजे कात्री खाली ठेवा असे का म्हणतो ते कळेल. वडिलांच्या ट्रंकेतली शंभरेक पाकिटे मी काढली, तिकिटाभोवती चौकोन कापले, पितळेच्या घमेल्यात भिजत घातले आणि उरलेली पाकिटे आईने बंबात घातली. आंघोळीचे पाणी छान तापले. तिकिटे आजही माझ्याकडे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना चहाच्या कपाइतकीही किंमत नाही. बंबात गेले ते मात्र बोटीच्या दिवसांतले टपाल होते: पुढे मुंबईचा शिक्का, मागे वाटेतले आणि पोचल्याचे शिक्के. तसे पाकीट आता शोधायला गेलो तर वर्षात एखादे हाती लागते.

कोकणातल्या माणसाने हे समजून घ्यायला हवे. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाडी सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. मधल्या जवळजवळ दीडशे वर्षांत आपल्याकडे आगगाडी यायची ती पाकिटावर चिकटून. पत्र प्रत्यक्षात यायचे बोटीने देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या बंदरात, नाहीतर रेल्वेने कोल्हापूर किंवा बेळगावपर्यंत आणि तिथून घाट उतरून मोटारीने. पावसाळ्यात बोट बंद, मग घाटाशिवाय वाट नाही. म्हणून रेल्वेचे तिकीट लावलेले, कोकणात पोचलेले अख्खे पाकीट ही वेगळीच चीज आहे. तेच तिकीट कापून काढले की ते देशात लाखांनी छापलेल्यांपैकी एक उरते.

म्हणून माझे मत, ज्याच्याशी मुंबईचे बरेच संग्राहक सहमत नाहीत: कोकणात राहणाऱ्याने रेल्वेचा संग्रह वापरलेल्या तिकिटांचा आणि अख्ख्या पाकिटांचाच करावा, कोऱ्यांचा नको. कारणे दोन. एक, शिक्क्यामुळे प्रवास कळतो. दुसरे अगदी रोकडे आहे: कोऱ्या तिकिटाच्या पाठीला डिंक असतो आणि आपल्या हवेत डिंक म्हणजे शत्रू. तो ओल पकडतो, पानाला चिकटतो, पिवळा पडतो आणि त्यावर तांबूस ठिपके उठतात. तुमचा पंचवीस पैशांचा गठ्ठा त्याचाच बळी. वापरलेल्या तिकिटाचा डिंक एकतर धुतला गेलेला असतो, नाहीतर पाकिटाच्या कागदात जिरलेला.

आता तुमची तिकिटे.

तपकिरी चार आण्यांचे तिकीट १९३७ चे, सहाव्या जॉर्जच्या पहिल्या मालिकेतले. ही मालिका मला फार आवडते, कारण टपाल कसे जाते याचीच ती चित्रकथा आहे: दोन आण्यांवर डाकेचा हरकारा, अडीच आण्यांवर बैलगाडी, तीन आण्यांवर टांगा, साडेतीनवर उंट, चार आण्यांवर मेल गाडी, सहा आण्यांवर बोट, आठ आण्यांवर मोटार, बारा आण्यांवर विमान. कोकणच्या टपालाचा निम्मा इतिहास त्यात सापडतो, एक उंट सोडला तर! १९४० पासून युद्धाच्या काळात लहान आकाराची नवी मालिका आली आणि ही मोठी चित्रे मागे पडली, म्हणून मेल गाडीचे आयुष्य छोटे. साध्या पत्राला तेव्हा आणा-सव्वा आणा पुरत असे. चार आणे लावले म्हणजे पत्र जाड होते किंवा रजिस्टर. पाकिटावर रजिस्टरची चिठ्ठी आहे का पाहा, आणि ते पाकीट डब्यातून सगळ्यात आधी बाजूला काढा.

दोन आण्यांचे काळे तिकीट १९५३ चे, रेल्वेच्या शताब्दीचे. एका बाजूला १८५३ चे इंजिन, दुसऱ्या बाजूला १९५३ चे. निघाले १६ एप्रिलला, नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेले. साध्या पत्राचा दर तेव्हा दोनच आणे असल्यामुळे ते भरपूर वापरले गेले आणि आजही सहज मिळते. सुटे असेल तर त्याच्यासाठी फार पैसे कोणी देणार नाही, आणि कोणी ‘दुर्मिळ’ म्हणून तुम्हाला विकायला आला तर तुम्हीही देऊ नका. पण त्याच एप्रिल-मे महिन्यातला शिक्का असलेले, लालबागहून कणकवलीला आलेले पाकीट ही निराळी गोष्ट. तारखा नीट वाचा. निघाल्याच्या पहिल्या काही आठवड्यांतले एखादे असेल तर ते सांभाळा.

निळे दहा पैशांचे तिकीट १९६६ चे, विजेच्या इंजिनाचे. नेहमीच्या वापरातल्या मालिकेतले, त्यामुळे पैशाला पासरी. याच मालिकेत पन्नास पैशांवर आंबे आहेत. देवगडच्या माणसाला रेल्वेचा संग्रह करताना तेवढी फितुरी माफ असावी.

पंचवीस पैशांचा गठ्ठा १९७६ च्या इंजिनांच्या संचातला आहे. संच चार तिकिटांचा: २५ पैशांवर डब्ल्यूडीएम जातीचे डिझेल इंजिन, ५० पैशांवर १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात बांधलेले एफ-१, १ रुपयावर डब्ल्यूपी जातीचे वाफेचे इंजिन आणि २ रुपयांवर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे १८५३ चे इंजिन. अजमेरचे ते इंजिन भारतात बांधलेले पहिले म्हणून त्याला मान. डब्ल्यूपी तर माझ्या पिढीने पाहिलेले, बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचे. त्याचा धूर अजून नाकात आहे.

गठ्ठा सोडवायचा तर चाकू घालू नका. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी ओला पिळलेला स्पंज, त्यावर जाळी किंवा उलटी चाळणी, तिच्यावर गठ्ठा. झाकण लावून सहा-आठ तास ठेवा, मधूनमधून पाहा. डिंक नरम झाला की तिकिटे आपोआप सरकू लागतात. ओढायचे नाही, सुटत नसेल तर पुन्हा आत. सुटलेली तिकिटे डिंकाची बाजू वर करून वाळवा. डिंक खराब झालेलाच असेल तर सरळ पाण्यात धुऊन बिनडिंकाची करून टाका. जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्या. जुलैत आपल्या पडवीत नुसती उघडी ठेवली तरी ती सुटतील असे आमचे एक सहकारी म्हणत. गंमत म्हणून ठीक, प्रयोग करू नका.

भिजवणे फक्त आधीच कापून ठेवलेल्या सुट्या तिकिटांसाठी. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापलेले असावे. पाणी कोमट, भांडे उथळ. रंगीत पाकिटांचे तुकडे आणि जांभळ्या किंवा लाल शाईचे शिक्के वेगळ्या भांड्यात, नाहीतर एकाचा रंग सगळ्यांना लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी तिकीट स्वतःच कागदावरून घसरते. मग स्वच्छ पाण्यात एकदा खळबळून टीपकागदावर पालथे ठेवायचे, अर्धवट सुकले की दुसऱ्या टीपकागदात घालून जाड पुस्तकाखाली. हे काम आपल्याकडे ऑक्टोबर ते मे एवढेच. जून ते सप्टेंबर हात लावू नका: दोन दिवस तिकीट वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. आणि अलीकडची स्टिकरसारखी चिकटणारी तिकिटे पाण्यात सुटतीलच असे नाही, ती कागदासकटच ठेवावीत.

पाकिटे कशी ठेवायची? बहुतेक घरांत जी चूक होते ती म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणे. ओल बाहेरून येऊ नये म्हणून आपण बांधतो आणि आत असलेली ओल कोंडून टाकतो. पाकिटे आधी कोरड्या दिवसांत, सावलीत, पंख्याखाली दोन-तीन दिवस मोकळी ठेवा. उन्हात नको, रंग उडतो. मग एका बाजूने उघड्या, स्वच्छ पारदर्शक कव्हरात एकेक घाला. बाजारातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाने टाळा, त्यांतला तेलकटपणा काही वर्षांत तिकिटावर उतरतो. अल्बम पुस्तकासारखे उभे ठेवा, आडवे रचून नाही. दाबाखाली डिंक चिकटतो. कपाट लोखंडी असले तरी चालेल, पण ते बाहेरच्या किंवा समुद्राकडच्या भिंतीला टेकवू नका, आतल्या भिंतीपाशी चार बोटे अंतर सोडून ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. निळ्या रंगाची असेल तर स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका, तो रंग विषारी असतो. जुना तवा त्यासाठी वेगळा ठेवा किंवा नारिंगी रंगाची आणा. माझ्या कपाटात पावसाळाभर पंधरा वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा तळाच्या खणात जळतो, कागदापासून लांब. एलईडीचा उपयोग नाही, तो तापतच नाही. आणि पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडला असेल तेव्हा, सगळी पाने चाळायची. कसर आणि वाळवी दोघींनाही न हललेला कागद आवडतो. डांबराच्या गोळ्या अल्बमला लागून नकोत.

सेलोटेप, फेविकॉल, स्टेपलर या तिघांना तिकिटांच्या खोलीत प्रवेश नाही. हाताळायला चपट्या टोकाचा चिमटा घ्या, भुवयांचा नव्हे. पाकिटावर काही लिहायचेच झाले तर मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने.

आता शिक्क्यांकडे वळतो. चित्रावर आगगाडी नसलेले पाकीटही रेल्वेच्या संग्रहात मानाने बसू शकते, जर त्याच्यावर आरएमएसचा शिक्का असेल. चालत्या गाडीत टपाल वेगळे करण्याची पद्धत आपल्याकडे १८६० च्या दशकात अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झाली. त्या शिक्क्यात गावाचे नाव नसते. इंग्रजी अक्षर आणि आकडा म्हणजे सेक्शन, म्हणजे कोणत्या मार्गावरची गाडी. ‘सेट’ आणि त्याचा आकडा म्हणजे आमच्यापैकी कोणती टोळी कामावर होती. ‘आउट’ म्हणजे गाडी मुख्य ठाण्याहून निघालेली, ‘इन’ म्हणजे परतीची. खाली तारीख. हलत्या डब्यात, कंदिलाच्या किंवा मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात मारलेला तो शिक्का बहुधा तिरका आणि अर्धवट उमटलेला असतो. तो स्पष्ट आणि गोल उमटलेला दिसला की आम्हाला वाटायचे, गाडी स्टेशनात उभी असणार. काही पत्रांवर ‘लेट फी’ हेही सापडते: पेटी उघडून गेल्यावर धावत स्टेशनवर येऊन जादा पैसे भरून थेट मेल व्हॅनमध्ये टाकलेले पत्र. तुमच्या साठ पाकिटांत असे एक जरी निघाले तर थोरले आजोबा त्या दिवशी बोरीबंदरला धापा टाकत पोचले होते असे खुशाल समजा. सगळ्या पाकिटांच्या पाठी पाहा. वाटेतले शिक्के तिथेच असतात आणि लोक नेमके तेच पाहत नाहीत.

पैशांबद्दल. कॅटलॉगमधला, म्हणजे तिकिटांच्या छापील यादीतला, भाव हा विक्रेत्याच्या दुकानातला, नितळ नगाचा. तुम्ही विकायला गेलात तर त्याचा लहानसा हिस्सा मिळेल आणि कोकणी ओलीचे डाग असतील तर त्याहून कमी. साठ पाकिटे मिळून एखादा चांगला पंखा येईल किंवा येणारही नाही; घर शाकारून होईल इतके तर नक्कीच नाही.

चार आण्यांच्या मेल गाडीचा एक महाग अवतार आहे आणि तिथेच फसवणूक होते. पतियाळा, नाभा, जिंद, चंबा या संस्थानांसाठी याच मालिकेवर संस्थानाचे नाव काळ्या शाईने छापले जाई. साध्या तिकिटावर ते नाव खोटे छापले की भाव चढतो. मी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून असले एक तिकीट घेतले, घरी येऊन भिंगाखाली धरले तर संस्थानाचे नाव शिक्क्याच्या शाईच्या वर! छापखाना पोस्टमास्तरच्या आधी असतो, नंतर नाही. तेव्हा आधी शिक्का कुठे आणि नाव कुठे ते भिंगातून पाहा, मग खिशात हात घाला.

संग्रह वाढवायचा तर जगभर धावू नका. चित्रात आगगाडी असलेली तिकिटे न्यू ब्रन्सविकने १८६० मध्ये, अमेरिकेने १८६९ मध्ये आणि पेरूने १८७१ मध्ये काढली. ती पाहायला छान, विकत घेण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नये. जगातली रेल्वेची तिकिटे गोळा करायची म्हटली तर आयुष्य आणि घर दोन्ही अपुरे पडेल, कारण कित्येक छोटे देश फक्त संग्राहकांना विकण्यासाठी इंजिनांची चित्रे छापत असतात. तसले चकचकीत, रबरी शिक्का मारून आलेले पुडके घेऊ नका.

त्यापेक्षा आपल्या भागाला धरून चला. १९५५ च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेतले आठ आण्यांचे चित्तरंजन इंजिन कारखान्याचे तिकीट घ्या. १९८८ चे मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या शताब्दीचे घ्या. आपल्याकडचा प्रत्येक चाकरमानी त्या घुमटाखालून गेलेला आहे. १९९३ मध्ये डोंगरी रेल्वेच्या इंजिनांचा चार तिकिटांचा संच निघाला, त्यात १ रुपयाचे नेरळ-माथेरानचे आहे. रायगडातली ती छोटी गाडी १९०७ पासूनची, म्हणजे आपल्या मुलखातली म्हणायला हरकत नाही. आणि १ मे १९९८ चे कोकण रेल्वेचे, ८ रुपयांचे. हे कोरे कुठेही मिळेल. पण साध्या पत्राला तेव्हा त्याहून पुष्कळ कमी तिकीट लागे, त्यामुळे ते खऱ्याखुऱ्या पत्रावर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या टपालघराच्या शिक्क्यानिशी मिळवणे अवघड आहे. परदेशी, रजिस्टर किंवा जड पत्रांवर शोधा. आखातात नोकरीला असलेल्यांच्या घरच्या जुन्या पत्रव्यवहारात मला दोन मिळाली, त्यातले एक चहा सांडलेले. तेही ठेवले आहे.

पहिल्या दिवसाची आवरणे, म्हणजे तिकीट निघाल्याच्या दिवशीचा खास शिक्का मारलेली चित्रमय पाकिटे, दिसायला देखणी. एखाद-दुसरे असावे. पण ती कुठून कुठे गेलेलीच नसतात, म्हणून माझे मन त्यात रमत नाही.

मांडणीसाठी सुचवतो: तिकिटांच्या सालांप्रमाणे नको, पत्रांच्या तारखांप्रमाणे लावा, आणि आतली पत्रे पाकिटातच राहू द्या. मनीऑर्डर पोचली का, गणपतीला रजा मिळेल का, बोट कधी सुटते, पावसाच्या आधी कौले फिरवली का, हे सगळे त्या त्या शिक्क्याशेजारी वाचायला मिळाले पाहिजे. प्रत्येक पाकिटासोबत वेगळ्या कागदावर तारीख, निघालेले टपालघर, वाटेतले शिक्के आणि पोचल्याची तारीख लिहा. पंधरा-वीस पाकिटे झाली की मे महिन्यात पत्र किती दिवसांत येई आणि जुलैत किती, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. शाळेतल्या मुलांना दाखवायला याहून चांगला नकाशा मिळणार नाही. मात्र त्यांच्या हातात झेरॉक्स द्या, मूळ पाकीट नको.

चार आण्यांच्या पाकिटाची पाठ मला बघायची आहे. खिडकीपाशी, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवा. शिक्का पुसट असेल तर पाकीट थोडे तिरके धरा, शाई उठून दिसते.